काकांचा तपकिरी चष्मा

माझे काका दुकानात, घरात, लग्नकार्यात, अगदी ढगाळ दिवशीसुद्धा तपकिरी काचांचा चष्मा लावायचे. उजेड सोसत नाही, म्हणायचे. त्या काचा घासून द्यायचे माझे बाबा, त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. काकांना मी अहो-जाहो करते ती सवयीने. आदर वगैरे समजू नये.

चष्म्याचं दुकान आजोबांचं. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. पुढे आरसे, अक्षरांचा तक्ता, काचेचं काउंटर आणि काका. मागे एक खोली. तिथे घासायचं चाक, त्यावरून ओघळणारं पांढरं गढूळ पाणी आणि बाबा. कितीही अवघड नंबर असो, बाबांच्या हाताखालून काच बिनचूक निघायची. पण गिऱ्हाइकासमोर यायची त्यांना बंदी होती, कारण बाबांचे डोळे पिवळे होते आणि काकांनी त्याचं कारण अण्णांना सांगून ठेवलं होतं. धाकटा पितो. मी स्वतः वास घेतलाय.

बाबांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. पण एकदा नाव पडलं की पडलं. चालताना ठेच लागली तरी लोक एकमेकांकडे बघायचे. दमून भिंतीला टेकले की शेजारची शिंपीणबाई आईला म्हणायची, "सकाळीच का गं?" दम तर त्यांना नेहमीच लागायचा. मी दुसरीत होते तेव्हा माझेही डोळे असेच पिवळे होते. मला कोणी दारुडी म्हटलं नाही, यावरून तरी माणसांना काही कळायला हवं होतं. आजीचेही डोळे तसेच होते म्हणे. तिला जुनी कावीळ आहे, एवढं बोलून सगळे गप्प बसत. बाईचे डोळे पिवळे तर कावीळ, पुरुषाचे पिवळे तर बाटली!

अण्णा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा बाबा चमच्याने पाणी पाजायला गेले. अण्णांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "दादाला बोलाव," म्हणाले. काकांनी बाबांच्या हातातून चमचा घेतला. अण्णा गेले ते दादाच्या हातचं पाणी पिऊन. मी दारात उभी होते. तो चमचा मी अजून विसरलेले नाही, आणि विसरायचा विचारही नाही.

पुढे बाबांच्या पोटात कळा यायला लागल्या. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसल्या.

"रक्तातल्या लाल पेशी चपट्या असतात, मधे दबलेल्या. तुमच्या चेंडूसारख्या गोल आहेत. त्या वाकत नाहीत, प्लीहेत, म्हणजे रक्ताच्या गाळणीत, अडकतात आणि लवकर फुटतात. म्हणून दम लागतो, म्हणून डोळे पिवळे, म्हणूनच हे खडे. हे जन्मापासून आहे. आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं."

"दारूने नाही?" बाबांनी विचारलं.

"दारूचा काय संबंध?"

बाबा रडले. लहान मुलासारखे, नाक पुसत रडले. मग एकदम थांबले.

"आमच्या आईचे डोळे असेच होते. मग भावालाही असेल?"

"असू शकतं. प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. कोणाला जास्त त्रास, कोणाला जवळजवळ नाहीच. कसे आहेत त्यांचे डोळे?"

सख्ख्या भावाचे डोळे बाबांनी तरुणपणानंतर पाहिलेच नव्हते. ते झाकायच्या काचा मात्र दरवेळी स्वतःच्या हाताने घासून दिल्या होत्या. आपल्यावर बोट येण्याआधी काकांनी ते दुसऱ्याकडे वळवलं होतं, एवढंच.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर आई म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दुकानात जा आणि सांगा सगळ्यांना."

"दारुड्याचं कोण ऐकणार? त्याला बोलू दे त्याच्या तोंडाने," बाबा म्हणाले. "येईल तो."

आणि ते वाट बघत बसले. काम तेच, चाक तेच. पण आता काकांचं नाव निघालं की ते हसायचे, आणि ते हसू बघून मला बरं वाटायचं.

काका आले ते मुलापायी. माझ्या चुलतभावाला बसच्या चालकाची नोकरी लागली होती. वैद्यकीय तपासणीत त्याचे पिवळे डोळे बघून साहेबांनी सरळ विचारलं होतं, पितोस का? नेमणूक अडकली. तिथला डॉक्टर भला निघाला. म्हणाला, घरात कोणाला रक्ताचा असा आजार असेल तर त्यांना घेऊन ये, बघू.

काका मागच्या खोलीत आले. दार लोटून घेतलं. "तू जरा त्याच्याबरोबर जा. तुझे डोळे तर सगळ्यांना ठाऊकच आहेत. माझं नाव कशाला मधे?"

बाबांनी चाक बंद केलं. हात पुसले. "जातो. आजच जातो. पण आधी चष्मा काढ, दादा."

"काढतो की." काकांचा हात चष्म्याकडे गेला.

"इथे नाही. बाहेर."

बाहेर शिंपीणबाई होती, औषधवाला होता, शाळेतले एक मास्तर होते. सगळे बाबांना ओळखणारे, म्हणजे न ओळखणारे. काकांनी बाहेर येऊन मुलाकडे पाहिलं. तो दारात मान खाली घालून उभा होता. काकांनी चष्मा काढला. डोळे हळदीसारखे पिवळे. शिंपीणबाईच्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

"तू पितोस का दादा?" बाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"नाही."

"आणि मी?"

काकांनी चष्मा परत लावायला उचलला.

"पोराला उशीर होतोय," बाबा म्हणाले.

"नाही. तूही नाही. अण्णांना मी खोटं सांगितलं होतं."

बाबांनी त्यांच्या हातातून चष्मा काढून घेतला. शब्द दिल्याप्रमाणे पुतण्याबरोबर गेले, स्वतःचं रक्त दिलं, सगळं सांगितलं. पोराचं रक्तही तपासलं गेलं आणि महिन्याभरात त्याची नेमणूक झाली. पोरावर बाबांचा राग नव्हताच.

काकांना मात्र दुसऱ्या दिवशी नवा चष्मा मिळाला. नंबर तोच, काच पांढरी, आरपार. तपकिरी मिळणार नाही, बाबांनी सांगून टाकलं. दुसऱ्याच्या दुकानातून चष्मा आणणारा चष्मेवाला कोणी पाहिलाय? काका तोच लावून काउंटरला बसायला लागले. येणारा जाणारा आधी त्यांचे डोळे बघायचा, मग फ्रेमा. बाबा आता काउंटरच्या दुसऱ्या टोकाला बसायचे.

आई म्हणायची, "झालं ना आता? सोडा." मी म्हणायचे, सोडू नका.

एकदा दुकान बंद करताना काका चष्मा पुसत थांबले. उघड्या डोळ्यांनी त्यांनी बाबांकडे पाहिलं. म्हणाले, "अजून किती? फिटलं की नाही तुझं?"

बाबांनी दिवा मालवला. "मला काय विचारतोस," ते म्हणाले, "अण्णांना विचार."