एका गोलकीपरचे दोन मालक

माझ्या घरामागे, शहापुरात, वर छप्पर आणि खाली प्लास्टिकचं गवत असलेला फुटबॉलचा हॉल झालाय. दारावर पाटी आहे: 'सीमाभागातील पहिलं व्यावसायिक इनडोअर फुटबॉल'. भाजीला जाताना ती रोज वाचावी लागते, म्हणून हे लिहायला बसले. पहिलं ते निपाणीत होतं, तंबाखूच्या वखारीत, ऐंशीच्या आसपास. तिथली एक फायनल मी स्वतः खेळवली आहे.

तेव्हा मी इथल्याच लष्करी कॅम्पातल्या मुलींच्या शाळेत खेळ शिकवत होते. एका संध्याकाळी अण्णाचा, माझ्या थोरल्या भावाचा, निपाणीहून ट्रंककॉल आला.

"उद्या फायनल हाय आणि पंच पळाला. तू ये."

"का पळाला?"

"ये तर, मग सांगतो."

असं म्हणणाऱ्याकडे शहाणी बाई जात नाही. मी सकाळी कोल्हापूरच्या एसटीत बसले.

आता हा रस्ता इतका रुंद आहे की झोप लागेपर्यंत निपाणी येते. तेव्हा उसाच्या बैलगाड्यांमागून सरकत जावं लागे, आणि पावसाळ्यात गाड्या नसल्या तर खड्डे असत. संकेश्वरला गाडी थांबली की चहा आणि मिरचीची भजी घ्यावी. दोन्ही मिळून तिकिटापेक्षा बरंच स्वस्त. तिखट लागली म्हणून बोंबलू नये. मिरचीला गावाचं नाव उगाच पडलेलं नाही. निपाणीत उतरल्यावर पत्ता विचारायची गरज नव्हती. शिंका जिकडे वाढतील तिकडे वखारी.

अण्णाची अक्कल अशी होती: पावसाळ्यात मैदानांचा चिखल होतो आणि माल गेल्यामुळे वखारी रिकाम्या पडतात. पहिल्या वर्षी त्याने हमालांच्या दोन टीमा खेळवल्या, पाच-पाच जणांच्या. भिंतींना भुसा भरलेली पोती लावली. छत्री मिटून बसायला मिळतं म्हणूनच निम्मं गाव तिकीट काढून आलं. दुसऱ्या वर्षी व्यापारी आले. मग पाठीवर विडीचं नाव, पोत्यांवर जर्द्याची जाहिरात आणि खेळाडूंना पगार. अण्णाने तंबाखू कंपनीतली नोकरी सोडली. वहिनीने बोलणं सोडलं.

वखार तात्यांची. त्यांनी बजावलं होतं, "फायनलचा निकाल लागला तर पुढच्या पावसाळ्याला किल्ली तुझी. भांडणं झाली तर कुलूप." म्हणजे अण्णाची लीग, पोटपाणी आणि वहिनीचं बोलणं, सगळं त्या किल्लीला टांगलेलं.

"आता सांग, पंच का पळाला?"

अण्णाने खाली बघत सांगितलं. फायनलपुरता प्रत्येक टीमला एक नवा खेळाडू घ्यायची मुभा होती. त्याने कॅम्पातून दोन गोलकीपर आणले: पास्कल, ज्याच्या हातून बॉल सुटत नसे, आणि दुसरा एक, ज्याच्या हातात तो टिकत नसे. सौदा तंबाखूसारखाच झाला. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबायची, भाव ठरवायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. फायनलच्या दोन टीमांचे मालक, विडीवाले आप्पा आणि जर्देवाले मामा, दोघांनी आळीपाळीने बोटं दाबली. टॉवेलाखाली भाव कळतो. माल कुठला, ते कळत नाही. दोघांनीही पास्कलच घेतला होता.

"आणि दलाल कोण होता?"

"मीच की गं."

वखार भरली होती. आप्पा आणि मामा पास्कलचा एकेक हात धरून उभे.

"माझा हाय त्यो!" आप्पा.

"व्हय? मग टॉवेलात कुणाची बोटं दाबलीस रं, म्हशीची?" मामा.

"मधनं कापा!" मागून कोणीतरी सुचवलं.

मी आधी अण्णाच्या खांद्यावरचा टॉवेल जप्त केला, मग शिट्टी वाजवली. "पास्कल या गोलातून हलणार नाही. हाफटाइमला बाजू बदलतात, त्या तुम्ही बदला. अर्धा वेळ तुमचा, अर्धा वेळ यांचा. समोरच्या गोलात आपापला जुना गोलकीपर."

पहिल्या अर्ध्यात आप्पांनी दोन गोल केले, दुसऱ्यात मामांनी दोन. पास्कलने दोन्ही मालकांचं मीठ खाऊन एकही सोडला नाही. बरोबरी झाली म्हणून पेनल्ट्या एकाच गोलावर लावल्या, आणि त्या गोलात पुन्हा पास्कल. दोघांच्याही पेनल्ट्या तो अडवत राहिला. बायका स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून उठू लागल्या. तात्यांनी किल्ली काढून वाजवली.

अण्णा कानाशी आला. "पास्कलला सांग की, एक सोड म्हणून."

मी मोठ्याने सांगितलं, "पास्कल, एक जरी मुद्दाम सोडलास तर कान उपटीन."

"येस मिस," पास्कल म्हणाला. अण्णाचा चेहरा बघवेना.

"आता गोलात मालक उभे राहतील," मी म्हणाले. "आप्पा, या."

"बाई, हे नियमात हाय?"

"नियमांचं पुस्तक माझ्या पिशवीत आहे. इंग्रजीत आहे. वाचता?"

कोणी वाचायला तयार नव्हतं. आप्पा धोतर खोचून उभे राहिले. बॉल येताना बघून त्यांनी दोन्ही हातांनी धोतरच धरलं, आणि बॉल पायांमधून गेला. मामांनी डोळे गच्च मिटले. बॉल त्यांच्या पोटावर आपटला आणि आला तिथे परत गेला.

मामा जिंकले. तात्या हसता हसता शिंकायला लागले आणि शिंकता शिंकताच किल्ली अण्णाच्या हातात टाकली. "घे रं. असा निकाल न्हाई बघितला कधी." परतीच्या गाडीवर सोडायला वहिनी आली होती. अण्णाला ती म्हणाली, "छत्री धरा की, वन्सं भिजत्यात." तेवढ्यावर तो दिवाळी असल्यासारखा हसला.

लीग आणखी काही पावसाळे चालली. मग माल बारा महिने पडून राहू लागला, वखारी रिकाम्या होईनात. अण्णा गेल्यावर वहिनीने किल्ली मला दिली. निपाणीला गेलात तर वखारी बघायला जरूर जा. आतून पोत्यांवर बॉलचा ठोका ऐकू येईल अशी आशा मात्र धरू नका. मी धरून पाहिली.

परवा घरामागच्या हॉलच्या तरुण मालकाच्या ताब्यात दिलं ते असं: पितळी शिट्टी एक, चालू स्थितीत. सौद्याचा टॉवेल एक, जप्तीचा. वखारीची किल्ली एक, कुलूप उरलेलं नाही. शिट्टी आणि टॉवेल लगेच दिले. पाटीवरचं 'पहिलं' त्याने माझ्यासमोर खरवडलं, त्यानंतर किल्ली.