बोटीवर सुटलेला अबोला

माझी आत्या नवऱ्याशी बोलत नसे. एरवी ती इतकी बोलकी, की मखमलाबादच्या मळ्यातून तिने हाक मारली की रस्त्यावरचा दूधवाला सायकल थांबवायचा. पण मामांशी अक्षर नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. हे मामा उंच, सावकाश चालणारे, पांढरी टोपी आणि पायजमा घालणारे. ते समोर बसलेले असले तरी आत्या माझ्याकडे बघून म्हणायची, "शोभे, भाकरी गार होऊ राहिली म्हणावं." मामा ते ऐकायचे, हात धुवायचे आणि जेवायला बसायचे. मग तेही माझ्याकडे बघून म्हणायचे, "शोभा, भाजीत मीठ कमी हाय, पण चांगली झालीय म्हणून सांग."

मी सायखेड्याची. कॉलेजसाठी नाशिकला आले आणि जवळच मखमलाबादला आत्याच्या घरी राहिले. त्या वर्षांत अभ्यासाइतकंच काम मी निरोप पोचवायचं केलं असेल. आत्याचा मुलगा विलासदादा दिवसभर बाहेर असायचा आणि मी कॉलेजात. घरात कोणी नसलं की आत्या मांजराला सांगायची, "मने, ओट्यावर दूध ठेवलंय. ज्यांना प्यायचं आसंल त्यांनी प्यावं." मनीला त्यातलं काही मिळायचं नाही.

ह्या अबोल्यात राग होता, पण हयगय नव्हती. मामांना टायफॉइड झाला तेव्हा आत्या त्यांच्या उशाशी बसून होती. कपाळावरची पट्टी वाळली की बदलायची, पेजेचा चमचा तोंडाशी न्यायची आणि म्हणायची, "शोभे, तोंड उघडा म्हणावं." मी दाराशी उभी. मामांना ताप इतका, की त्यांना धड डोळे उघडता येत नव्हते. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "आत्या, आता तरी बोल की गं!" तिने माझ्याकडे बघितलंच नाही. पुढचा चमचा भरला.

अबोल्याचं कारण सगळ्या मळ्याला माहीत होतं. आत्याची गुलाबाची बाग होती, विहिरीच्या अंगाला, गावठी गुलाबाची. सूर्य उगवायच्या आत ती फुलं खुडायची आणि टोपल्या भरून फूलबाजारात धाडायची. माझी आजी, म्हणजे तिची आई, आजारी पडली तेव्हा आत्या सायखेड्याला आली आणि आजीचे दिवस होईपर्यंत राहिली. तेरावं करून घरी परतली तर बाग नव्हती. गुलाब मुळासकट उपटलेले होते आणि त्या जागी द्राक्षाच्या वेलांसाठी खांब उभे होते. तेव्हा सगळीकडे द्राक्षं लागत होती. मामांनीही लावली. आत्या बांधावर उभी राहिली, बघितलं, घरात आली आणि त्या दिवसापासून मामांशी बोलायची थांबली. बायका म्हणायच्या, "अगं, फुलझाडांपायी एवढा राग?" आत्या उठून कामाला लागायची.

वर्षं गेली. माझं लग्न झालं आणि मी नाशिक शहरातच एका प्रवासाच्या कंपनीत लागले. पुढे लोकांना घेऊन परदेशात जाऊ लागले. सिंगापूरच्या सहलीत बोटीवरचे दोन दिवस असायचे, आणि त्यासाठीच जोडपी जास्त यायची. एक दिवस विलासदादा ऑफिसात आला. "आई-बाबांना पाठवतो. तू बरोबर आहेस म्हणून. नाहीतर त्यांचं कसं होणार?"

मी म्हटलं, "दादा, बोटीवरची खोली एवढीशी असते. दोन पलंग आणि एक गोल खिडकी. निरोप सांगायला तिथं कोण?"

"म्हणूनच पाठवतोय," दादा म्हणाला.

आत्याला विचारायला गेले तर ती भाजी निवडत म्हणाली, "त्यांना विचार, जायचं का. ते जाणार आसतील तर मी नाय जात. आन् ते जाणार नसतील तर मला एकटीला जाऊन काय करायचंय?" ह्याला होकार म्हणायचं हे मला अनुभवाने माहीत होतं.

सिंगापूरच्या बंदरात ती बोट पाहिली आणि आत्या नऊवारीचा पदर सावरत थांबली. "ही बोट? हे तर आख्खं गाव उभं करून ठेवलंय." मामा मान वर करून बघत राहिले. मी दोघांना खोलीत सोडलं, बाथरूमचा नळ कसा सोडायचा ते दाखवलं आणि बाकीच्या मंडळींकडे गेले. नाशिकरोडचे एक निवृत्त बँक अधिकारी आणि त्यांच्या पत्नी होत्या, मनमाडचे डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई होत्या, आणि इंदिरानगरचं एक नवं जोडपं होतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता, कॅमेऱ्याचे रोल मात्र पिशवीभर.

बोट सुटण्याआधी सराव असतो. भोंगा वाजतो, सगळ्यांनी नारिंगी जाकिटं घालून आपापल्या ठरलेल्या जागी डेकवर जमायचं. संकट आलं तर काय करायचं ते तिथे दाखवतात. हे मी आधी सांगितलं होतं. भोंगा वाजला, आमची मंडळी जमली. आत्याही आली, जाकीट हातात धरून. एकटीच.

"मामा कुठे आहेत?"

"मघाशीच बाहेर पडले. मला काय सांगून जातात?"

मी खोली बघितली, जेवणाचा हॉल बघितला, जिने बघितले. मामा नाहीत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, खोलीचा नंबर पाठ नव्हता. गर्दी लोंढ्याने वर येत होती. तेवढ्यात ते इंदिरानगरचं नवं जोडपं धावत आलं. मुलाच्या हातात चपला होत्या. मखमलाबादच्या चांभाराने शिवलेल्या, जाड टाचेच्या. मुलगा हळूच म्हणाला, "मागच्या बाजूला, कठड्याजवळ होत्या. काका तिथे वाकून पाणी बघत होते, आम्ही फोटो काढताना दिसले होते. आता तिथे कोणी नाही."

आत्याने ते ऐकलं. तिने चपला त्याच्या हातातून घेतल्या आणि छातीशी धरल्या. तिचा चेहरा मी आजीच्या वेळीही तसा पाहिला नव्हता. बोटीवरची एक मुलगी तिला जाकीट बांधायला पुढे आली, तर आत्याने तिचा हात बाजूला केला. "मला नको बांधू. आधी त्यांना आणा." मुलीला काय कळणार? ती पुन्हा पट्टा पुढे करत होती. मी बोटीवरच्या अधिकाऱ्याशी बोलत होते, तो म्हणत होता की नाव सांगा, घोषणा करतो. घोषणा इंग्रजीत होणार, मामांना ती कळणार नाही, हे त्याला समजावता समजावता माझाच आवाज चिरकला.

तेव्हा आत्या गर्दीतून सरळ कठड्याशी गेली, दोन्ही हातांनी तो लोखंडी बार धरला आणि मळ्यात मारायची तशी हाक मारली.

"अहोऽऽ! कुठं हायेत तुम्हीऽऽ?"

सगळं डेक चूप झालं. भोंग्याने झालं नव्हतं एवढं.

आणि बोटीच्या पार दुसऱ्या अंगाकडून, मधल्या जिन्याच्या पलीकडून, उत्तर आलं, "इकडं हाये! तू कुठं हायेस?"

मामा दुसऱ्याच लोकांच्या घोळक्यात उभे होते, अनवाणी, नारिंगी जाकीट अगदी नीट बांधून. लाकडाची जमीन इतकी लख्ख, की चपला घालून तिच्यावर चालणं त्यांना बरं वाटेना. म्हणून त्यांनी त्या काढून ठेवल्या होत्या. भोंगा वाजल्यावर एका नोकराने हाताला धरून त्यांना जवळच्या घोळक्यात नेलं. तिथेही ते सगळ्यांना खुणा करून विचारत होते, नऊवारीतली बाई कुठे दिसली का. आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं रडेल. तिने चपला त्यांच्या पायांपुढे आपटल्या.

"माणसानं सांगून जावं का नाय? मी काय समजायचं?"

"सांगणार कोणाला?" मामा म्हणाले. "तू बोलतेस कुठं?"

बोट सुटली आणि ह्यांचं भांडण सुरू झालं. पुढे दोन दिवस ते चाललं.

बोटीवर जोडपी दिवस कसा घालवतात हे मी सहलींत पुष्कळ पाहिलं आहे. ह्या सहलीतही तसंच. बँकेचे साहेब सकाळी उठून डेकला फेऱ्या मारायचे आणि त्यांच्या पत्नी बायकांना जमवून रमीचा डाव मांडायच्या. जेवणाच्या वेळी दोघं भेटले की एकमेकांना आपापली हकिकत सांगायचे. मनमाडचे डॉक्टर पती-पत्नी नाश्त्यापासून जे बसायचे ते चहापर्यंत, एका ताटातून, "हे घेऊन बघ" करत. नवं जोडपं पोहायच्या तलावाशी पाय सोडून बसायचं आणि काहीच करायचं नाही. सगळी मजेत होती. आणि माझे आत्या-मामा सावलीतल्या दोन आरामखुर्च्या धरून भांडत होते. समोर एवढा समुद्र, पण दोघांचं लक्ष एकमेकांच्या तोंडाकडे. कित्येक वर्षांचं साठलेलं होतं. विलासच्या शाळेपासून थोरल्या नणंदेच्या टोमण्यापर्यंत काही सुटलं नाही. टायफॉइडही निघाला.

"तेव्हा पेजेत मीठ जास्त घालत होतीस."

"आन् तुम्ही तेव्हा सांगितलं नाय ते!"

बँकेच्या साहेबांच्या पत्नी काळजीने माझ्याकडे आल्या. "अगं, ते दोघं फार भांडतायत. तू जरा मधे पड ना."

"काकू, पाया पडते," मी म्हटलं. "त्यांच्या मधे कोणी जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले तेव्हा आवाज खाली आला होता. आत्या समुद्राकडे बघत बोलत होती. "ते गुलाब माझे नव्हते. आईच्या परसातल्या झाडाची कलमं होती ती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तव्हा तिनं ओल्या फडक्यात बांधून दिली. म्हणाली, तिकडं करमलं नाय तर ह्या झाडांशी बोल. मी एकाची शंभर केली. आईला पोचवून आले, तर तिचं माझ्याजवळ जे उरलं होतं तेबी तुम्ही उपटून टाकलेलं."

मी कप घेऊन तशीच उभी राहिले. घरात इतकी वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं. मामांनाही नव्हतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला कुठं ठाऊक होतं गं?"

"विचारलं कुठं तुम्ही?"

टोपीची घडी करत मामा म्हणाले, "खांब लावणारे लोक आले होते. म्हणाले, आज नायतर पुढच्या सालाला. मला सुचलं नाय. दहाव्याला सायखेड्याला आलो ते तुला सांगायलाच आलो होतो. तू रडत होतीस. म्हटलं, आता नको, घरी आल्यावर सांगू. अन् घरी आल्यावर तू ऐकूनच घेतलं नाय." मग म्हणाले, "चुकलं माझं. लय चुकलं."

आत्याने पदराने नाक पुसलं. मग चहाचा एक कप माझ्या हातातून घेऊन तिने मामांकडे सरकवला. "घ्या. गार होऊ राहिला." मला वाक्याबाहेर ठेवून तिने मामांना काही दिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या दिवशी संध्याकाळच्या आधी मी पुन्हा तिकडे गेले तर काहीच आवाज नाही. मी पाय उचलला. परत अबोला? जवळ जाऊन बघते तर दोघं आरामखुर्चीत गाढ झोपलेले. ऊन कलून आत्याच्या तोंडावर आलं होतं आणि मामांनी आपली टोपी तिच्या डोळ्यांवर ठेवली होती. एवढं भांडून माणूस थकणारच. मी पाय न वाजवता मागे फिरले आणि जिन्यात बसून मनसोक्त रडले. इतक्या वर्षांचं ओझं माझ्याही डोक्यावर होतं हे मला ते उतरल्यावर कळलं.

घरी परतल्यावर विलासदादाचा फोन आला. "शोभा, काय करून आणलंस गं? दिवसभर कटकट चालू असते दोघांची. टीव्ही ऐकू येत नाही." त्याला हसू आवरत नव्हतं.

मामा आणखी काही वर्षं होते. मग एका सकाळी मळ्यात पाणी द्यायला गेले आणि बांधावरच बसल्या बसल्या गेले. कळल्याबरोबर मी निघाले. रिक्षात बसून सारखं मनात येत होतं, आत्याचं आता काय होईल.

घरात बायका भरल्या होत्या. आत्या भिंतीला टेकून बसली होती. मला बघताच रडायला लागली, मोकळी, लहान मुलीसारखी. शेजारची एक म्हातारी माझ्या कानाशी कुजबुजली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "बिचारीनं सोन्यासारखी वर्षं घालवली. नवऱ्याशी बोललीच नाय."

आत्याने डोळे पुसले आणि मान वर केली. "बोटीवर गेल्यापासनं लय बोललो आम्ही, मावशी. लय म्हंजे लय. पोटात काय ठेवलं नाय, त्यांनीबी नाय आन् मीबी नाय. आज सकाळीच भांडून गेलेत. मफलर घ्या म्हटलं तर म्हणे, मला काय म्हातारा समजतेस?"

आणि रडता रडता तिला हसू फुटलं. बायका बघतच राहिल्या. मी तिचा हात हातात घेऊन बसले.