नळी नको म्हणणारे बाबा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. कुणाचं काही दुखलं की डॉक्टरांचा कागद माझ्याच हातात येतो, आणि मला त्याचा अभिमान आहे.

काका आतड्याच्या कॅन्सरने गेले, तेव्हा कर्जतच्या डॉक्टरांनी बाबांनाही नळी घालून आतडं तपासून घ्यायला सांगितलं. सख्ख्या भावाला झालेलं दुखणं. बाबा म्हणाले, "मेलो तरी चालंल, नळी नाय." कडाव गावात म्हशी सांभाळण्यात जन्म गेलेला माणूस, असल्या गोष्टी लेकीसमोर बोलायच्या म्हणजे त्यांना मरण बरं.

दुसरा मार्ग आहे का, मी विचारलं. आहे, डॉक्टर म्हणाले. शौचाचा नमुना डबीत दिला की डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधता येतं. आतड्याचा सीटी स्कॅनही निघतो. पण काही सापडलं तर शेवटी नळीच. आणि शौचातून रक्त जाताना दिसत असेल, तर डबीवर विसंबायचं नाही.

"तसलं काय नाय," बाबा म्हणाले.

डबी घरी आणली. आई ती हातात घेऊन उभीच राहिली.

"सांगू का पोरीला?"

"गप बस गं."

"म्हशीचं शेण रोज काठीनं उकरून बघता, तवा लाज नाय वाटत. आन सोताचं रगत लपवता."

भाताच्या लावणीपासून बाबांना रक्त पडत होतं. आमच्याकडे रक्त दिसलं की ती मूळव्याध, आणि मूळव्याधीला सुरण नि ताक. आई सुरण शिजवून घालत होती. मला वाटत होतं, बाबांना तो आवडायला लागलाय.

मी गोठ्यात त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"बाबा, आता डबीचा उपयोग नाही."

"मंग स्कॅन?"

"त्यात गाठ दिसली, तर तुकडा काढायला नळीच लागते."

ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"झोपवून करतात ना?"

"गुंगीचं औषध देतात."

"तू आत नाय यायचं."

"नाही येत."

खोपोलीच्या हॉस्पिटलात मी दाराबाहेर थांबले. डॉक्टर बाहेर आले आणि गाठ असल्याचं मला सांगून गेले. बाबांना जाग आली, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "डेरीला दूध कुणी घातलं?"

"आईने."

"मंग बस जरा हितं."

मी बसले. तुकडा तपासायला पाठवलाय, हे अजून त्यांना सांगायचं होतं.