मार खायची उशी

“दाखवा,” असं म्हणून ताई टेबलावरचे कागद बाजूला सारायच्या आणि समोरच्या माणसापुढे एक उशी ठेवायच्या. तो माणूस आधी उशीकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी टाइप करत राहायची. मला सवय झाली होती.

पहाडगंजात बॅगांच्या एका दुकानाच्या वर आमचं भाषांतराचं छोटं ऑफिस आहे. मराठी कागद येतात, इंग्रजी होऊन जातात. फौजी लोकांचे जमिनीचे उतारे, परीक्षेसाठी दिल्लीत आलेल्या मुलांचे दाखले, मधूनच कोर्टाचं काम. भाषांतर ताई करायच्या, टाइप मी.

उशी फक्त मारहाणीच्या कागदांसाठी होती. ‘मारलं’ असं दिसलं की ताईंचं पेन थांबायचं. इंग्रजीत पुढे हिट, स्ट्राइक, बीट, स्लॅप, पंच, थ्रॅश अशी रांग उभी असायची आणि त्यातला कुठला उचलायचा हे कागद सांगत नसे. “या इंग्रजांचं काही खरं नाही,” त्या म्हणायच्या. “अंडं फेटलं तरी बीट, ढोल बडवला तरी बीट, मॅच जिंकली तरी बीट. घड्याळाचे टोले पडले की स्ट्राइक, काम बंद ठेवलं तरी स्ट्राइक. अशा शब्दांत कुणाचं दुखणं घालायचं तर आधी ते बघायला नको?”

“म्हणजे आपली मराठीच गरीब,” मी एकदा म्हणाले. मी दिल्लीत वाढलेली, माझी मराठी घरापुरती.

ताई चष्म्यावरून बघत राहिल्या. “टपली, चापट, धपाटा, गुद्दा, रट्टा, लाथ. अजून सांगू?” धपाटा मला फक्त दह्याबरोबर खायचा माहीत होता. “शब्द भरपूर आहेत गं. माणसं लाजेपायी एकच वापरतात.”

त्या उशीला टेकायची मात्र कुणाला परवानगी नव्हती. जेवणानंतर मी एकदा ती पाठीशी घेतली, तर ताईंनी सरळ ओढून घेतली. “ती मार खायची उशी आहे. आरामाची नाही.” तुमच्याही ऑफिसात असं एखादं हट्टी माणूस असेल. आपण अशा माणसांवर हसतो आणि त्यांच्या मनासारखं करतो.

मग ती बाई आली. सोलापूरकडची, नवरा गुडगावात गोदामात कामाला. नवऱ्याला खोलीवर यायला कोर्टाने बंदी घालावी, एवढंच तिचं मागणं होतं. खोलीत ती आणि तिची लहान मुलगी. पण पहिल्या अर्जात कुणीतरी घाईने ‘स्लॅप’ लिहून दिलं होतं आणि नवऱ्याचा वकील तेच धरून बसला होता. घरातली कुरबुर, एखादी चापट, त्यात काय. आता जबाब नव्याने द्यायचा होता. हाही फुसका निघाला, तर नवरा पुन्हा दारात उभा राहणार होता.

“कसं मारतात?” ताईंनी विचारलं.

“मारत्यात,” ती म्हणाली. “अजून काय सांगू?”

ताईंनी उशी ठेवली. “दाखवा.”

तिने पदर सावरला आणि उशीवर हलकेच हात टेकवला, झोपलेल्या पोराला थोपटावं तसा.

“असं?”

“न्हाई.”

“मग जसं असेल तसं. जास्त नको, कमी नको.”

तिने दाराकडे पाहिलं. मी उठून कडी लावली. मग तिने मूठ वळली. एक गुद्दा, मग दुसरा. पायातली चप्पल काढली आणि टाचेच्या बाजूने मारली. ताई खाली मान घालून लिहीत होत्या. शेवटी तिने उशीचं एक टोक मुठीत आवळलं, उशी उचलली आणि भिंतीवर आपटली. भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं. ते कुणीच उचललं नाही.

“ते टोक म्हणजे काय?” ताईंनी हळू आवाजात विचारलं.

“केस,” ती म्हणाली.

ताईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता त्या रडतील. मला स्वतःला रडू येत होतं. “हे एका शब्दात बसत नाही,” त्या म्हणाल्या. “अख्खं वाक्य लागेल.” आणि पेन पुन्हा उचललं.

संध्याकाळी तिचे वकील आले. जबाब वाचून म्हणाले, “मैडम, इतना लंबा क्यों? ‘ब्रूटली बीटन’ लिख दीजिए, बात ख़त्म.”

“उससे कुछ दिखता नहीं, वकील साहब.”

“तो ‘थ्रॅश्ड’ कर दीजिए. वज़न आ जाएगा.”

“वज़न जितना था, उतना लिखा है.” ताईंनी कागद हातात घट्ट धरला होता. “कल को उनका वकील एक शब्द भी झूठा पकड़ ले, तो बाकी सब गया. एक अक्षर नहीं बदलेगा.”

वकिलांनी यार-वगैरे करून पाहिलं. मग चहा पिऊन तोच कागद घेऊन गेले.

निकाल लागायला वेळ गेला. तोवर ताई काम सोडून नाशिकला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. जाताना त्यांनी डिक्शनऱ्या मला दिल्या. उशीबद्दल काही बोलल्या नाहीत, ती फडताळावरच राहिली.

एक दिवस दुपारी ती बाई आली, मुलीला घेऊन. “ताई कुठं हायत?”

मी सांगितलं. तिचा चेहरा उतरला. “बंदी मिळाली,” ती म्हणाली. “जज्जसाहेबांनी ते भिंतीचं वाक्य मोठ्यानं वाचलं. मग नवऱ्याचा वकील चापटीचं नावच काढंना. ताईंना सांगायचं हुतं.”

मी नाशिकला फोन लावून देते म्हणाले. तिने मान हलवली, पण तिचं लक्ष फडताळाकडे होतं. ती उठली, उशी खाली काढली, दोन्ही हातांनी झटकून सारखी केली आणि ताईंच्या खुर्चीत बसून पाठीशी घेतली. मला ताईंचा नियम आठवला. पण मी उशी ओढून घेतली नाही.

ती मागे टेकली. मुलीला मांडीवर घेतलं आणि डोळे मिटले.

“चहा सांगता का जरा?” ती म्हणाली. “आज घाई न्हाई.”