बेशुद्ध माणूस हात हलवत नाही

हरवण्याचं काम आमच्या साडूंइतकं मन लावून करणारा माणूस जगात दुसरा नसेल. भूमापक म्हणून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला निघतात, नाहीतर सोसायटीच्या चेअरमनला छळतात. आमचे साडू आपत्ती व्यवस्थापनाच्या सरावांत 'हरवलेला माणूस' होऊ लागले. संयोजक प्रत्येकाला एक चिठ्ठी देत: 'पाय मोडलेला', 'भेदरलेला' किंवा 'बेशुद्ध'. बाकीचे स्वयंसेवक ती खिशात घालून मोबाईल बघत बसत. साडू त्या माणसाचं अख्खं चरित्र रचत. एकदा चितेगावच्या एका बंद कारखान्यात त्यांना 'भेदरलेला' मिळाला, तर सोडवायला आलेल्या जवानालाच त्यांनी मारलेली मिठी ॲम्ब्युलन्सपर्यंत सुटली नाही. "भेदरलेला माणूस सोडतो व्हय?" असं वर मलाच विचारलं.

माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याला थेरं म्हणते. मागच्या वर्षी साडूंच्या हृदयात स्टेंट बसल्यापासून तर तिनं अटच घातली, की मी सोबत जायचं. म्हणून हर्सूलपलीकडच्या टेकड्यांत ड्रोननं माणसं शोधायचा सराव होता, तिथं मीही गेलो. मांडव होता, प्रमुख पाहुण्यांना सोफा होता. हरवणाऱ्यांपेक्षा सत्कार घेणारेच जास्त दिसत होते. हजेरीच्या वहीत 'आगमन' आणि 'प्रस्थान' असे दोन रकाने होते. जेवणाच्या वेळी गर्दी नको म्हणून सगळ्यांनी सकाळीच दोन्हींत सह्या उरकल्या. साडूंनी तर नोकरीतल्या सवयीनं जाण्याची वेळही भरून टाकली: साडेबारा. मग आपला फोन माझ्या हातात दिला. "फोन जवळ असला तर माणूस हरवला कशाचा?" एवढं बोलून ते टेकडीआड गेले.

ड्रोन उडाला. मांडवामागच्या झुडपातला एक स्वयंसेवक पडद्यावर दिसताच टाळ्या पडल्या, सराव यशस्वी झाल्याचं माइकवरून जाहीर झालं आणि पुलावाची पातेली उघडली. दीड वाजला तरी साडूंचा पत्ता नव्हता.

मी संयोजकांना गाठलं. त्यांनी शांतपणे वही उघडली. "हे काय, साडेबाराला गेले की ते."

"अहो, त्यांचा फोन माझ्याकडं आहे. मला सोडून जातील कसे?"

"मग सही खोटी म्हणता का?"

सही अगदी खरी होती, माणूस तेवढा नव्हता. तेवढ्यात माझ्या खिशात त्यांचा फोन वाजला. मेहुणीचा होता. उचलायचा धीर झाला नाही. ऊन भाजत होतं, आणि हरवलेल्या माणसाला नाश्ता कुठला म्हणून साडू सकाळपासून उपाशी होते.

आमचं बोलणं ड्रोन चालवणाऱ्या नीलोफरनं ऐकलं. एरवी ही मुलगी लग्नांचं चित्रीकरण करते. "काका, बॅटरी एकच उरली. पहले फोटो देखते," म्हणत तिनं सकाळचे फोटो लॅपटॉपवर काढले. एका फोटोत बोरीच्या झुडपाबाहेर दोन पाय दिसत होते. "हे मी दाखवले होते. सायेब म्हणाले, गुराखी झोपलाय, आपला नाय." तिनं फोटो मोठा केला. पायांशेजारी चपलांचा जोड होता, टाचेला टाच लावून, देवळाबाहेर काढून ठेवावा तसा.

"हेच!" मी ओरडलो. बेशुद्ध पडण्याआधी चपला नीट जोडून ठेवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे.

शेवटच्या बॅटरीवर ड्रोन पुन्हा गेला. पाय तिथंच होते आणि हलत नव्हते. ती टेकडी मी कसा चढलो ते मला आठवत नाही. साडू डोळे मिटून उताणे पडले होते.

"साडूभाऊ!"

एक डोळा उघडला. "टीम आली का?"

घोटा सुजून टम्म झाला होता. वर येतानाच मुरगळला होता, उभंही राहता येत नव्हतं.

"ड्रोन डोक्यावर आला तेव्हा हात का नाही केला?"

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. "बेशुद्ध लिहिलंय. बेशुद्ध माणूस हात हलवत नाय."

"आणि सराव संपल्यावर?"

"संपला हे मला कोण सांगणार?"

नीलोफर दगडावर बसून पोट धरून हसली. मी नुसताच त्या चपलांशेजारी खाली बसलो.

तिच्या बाटलीतलं पाणी पिऊन झाल्यावर पुन्हा मेहुणीचा फोन आला. या वेळी मी तो थेट त्यांच्या कानाला लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. साडूंनी तो पुरता ऐकून घेतला आणि बक्षीस मिळाल्यासारखे खुशीत ते म्हणाले, "सापडलो गं. फोटो मोठे करकरून शोधलं मला!"

निवृत्तीनंतर एखाद्या जुन्या नकाशाबद्दल विचारायलासुद्धा त्यांना कचेरीतून कुणाचा फोन आलेला मला आठवत नाही.

मग माझ्या खांद्यावर हात टाकून, लंगडत ते उतरू लागले. मांडव सोडायची घाई चालली होती, सोफा टेम्पोत चढत होता. "हळू चला," ते म्हणाले, "आता कशाची घाई आहे?" घाई मलाही नव्हती.