बाबांच्या गाडीतला आवाज

सोमवार आणि गुरुवार उजाडला की मला अंथरुणातून उठायच्या आधीच दमायला होतं. त्या दिवशी बाबांना डायलिसिसला कणकवलीला न्यायचं असतं. त्यांना उठवायचं, अंग पुसायचं, मोजकीच पेज भरवायची, सदरा चढवायचा, खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, हाताला धरून गाडीपर्यंत आणायचं. आणि मग त्या गाडीची मनधरणी करायची. बाबा एक वेळ ऐकतात, गाडी ऐकत नाही.

गाडी बाबांचीच. गोल दिव्यांची, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर असलेली. आचऱ्याच्या बाजारात त्यांचं दुकान होतं तेव्हा घेतलेली. मुंबईचा भाऊ तिला 'क्लासिक' म्हणतो. त्याला म्हणायला काय जातं? तो गणपतीत येतो, तिच्यासोबत फोटो काढतो आणि परत जातो. चालवते मी, म्हणून मी तिला खटारा म्हणते. मीसुद्धा मुंबईच्याच एका कचेरीत आयुष्य काढलं, पण आई गेल्यावर बाबांकडे कोण बघणार हा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्न न केलेल्या बाईला हे असं असतं. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि आले.

दुसरी गाडी का नाही, असं येणारा-जाणारा विचारतो. शेजाऱ्यांची नवी उंच गाडी एकदा वापरून बघितली. बाबांचा पाय पायरीवर चढेना, मी मागून ढकलतेय, शेजारी पुढून ओढतोय, शेवटी बाबा म्हणाले, "माका घराक ने." खटाऱ्याची सीट बुटकी आणि पुढची बैठक एकसंध, बाकासारखी. बाबांना तिथे बसवलं की उशी लावून आरामात टेकता येतं. शिवाय ती त्यांची आहे. आता त्यांचं म्हणावं असं फारसं काही उरलेलं नाही, म्हणून मीही हट्ट केला नाही.

बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते आमच्या वाडीतले गाऱ्हाणं घालणारे. कोणाची होडी पाण्यात जायची असो, घराची चौकट बसायची असो की पोरगा नोकरीला निघायचा असो, आधी बाबांना बोलावणं. नारळ पुढे ठेवून ते देवाला हाक घालायचे, एकेक मागणं मोठ्याने मागायचे, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." म्हणजे असंच होऊ दे. सगळ्यांनी तसं म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं बाबा आम्हाला लहानपणी सांगायचे. त्यांचा आवाज देवळाच्या बाहेर रस्त्यापर्यंत जायचा.

गाडीतून निघतानाही ते गाऱ्हाणं घालायचेच. डॅशबोर्डवर हात ठेवून, इंजिन चालू असताना. कारण बॅटरी तेव्हाही नाठाळ होती, एकदा सुरू झालेली गाडी देवासाठीसुद्धा कोणी बंद करत नसे. मागे बसून आम्ही भावंडं 'व्हय म्हाराजा' ओरडायचो आणि मगच गाडी हलायची.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सुधारले, आवाज मात्र गेला तो गेलाच. आता कुजबुजल्यासारखं बोलतात, तेही क्वचित. घरी भिंतीकडे तोंड करून पडून असतात. काही विचारलं तर हात हलवतात. पण गाडीत बसले की त्यांचे ओठ हलायला लागतात. बाहेर बघत कणकवलीपर्यंत बोलत असतात. कोणाची आंब्याची कलमं, कोणाचं घर, कोणाशी कधी भांडण झालं, काय बोलत असतील ते देव जाणे. परतीच्या वाटेवर ते गळून झोपलेले असतात. म्हणजे बाबांच्या तोंडून काही ऐकायचं तर ते जातानाच, आणि तेव्हा त्या खटाऱ्याच्या खडखडाटात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. "काय म्हणतास, बाबा?" असं ओरडून विचारलं की ते हात हलवून गप्प होत. मग विचारणंही सोडलं.

गाऱ्हाण्याचंही तेच. निघायच्या आधी त्यांचा हात डॅशबोर्डवर जायचा, ओठ हलायचे, एकेक मागणं संपलं की हनुवटी वर व्हायची. हनुवटी वर झाली की मी जोरात म्हणायचे, "व्हय म्हाराजा." त्यात ऐकण्यासारखं काय होतं? लहानपणापासून पाठ होतं, वाट सुखाची कर, बाहेर गेलेलं माणूस सुखरूप परत आण. मला ऐकायचं होतं ते पुढच्या वाटेवरचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आवाज आहे तोही हळूहळू जाईल. माणूस समोर बसून बोलतंय आणि आपल्याला ऐकू येत नाही, याने माझा जीव नुसता तडफडत होता. म्हणून ठरवलं, गाडीचा आवाज कमी करायचा.

कणकवलीत गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, तिथे बाबांचं डायलिसिस चालू असताना गेले. दुकानदार पोरगेलासा, गोड बोलणारा. त्याने चंदेरी पाठीची, रबरासारखी चिकट शीट दाखवली. पत्र्याला चिकटवायची, पत्रा थरथरायचा थांबतो. मग विचारलं, "मॅडम, म्युझिक सिस्टीम कुठली बसवणार?"

"म्हातारा माणूस बसवणार आहे," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. त्याने अख्ख्या गाडीचा हिशेब सांगितला तो असा, की गाडी विकली असती तरी तेवढे आले नसते. मी तोंड वाकडं करून बाहेर पडले.

घरी भावाचा फोन. त्याने परदेशी व्हिडिओ पाठवून ठेवले होते, कोण तरी दाढीवाला स्वच्छ गॅरेजमध्ये हातमोजे घालून अख्खी गाडी सोलून काढतोय. "बघ, सोपं आहे," भाऊ म्हणाला. सोपं आहे तर ये आणि कर, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

गावातल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीला विचारलं. त्याने बिनखर्चाचा उपाय सांगितला. कोणाच्या तरी गच्चीवर घालून उरलेलं डांबरी शीट होतं, ते गरम करून गाडीत पायाखाली चिकटवून दिलं. आवाज थोडा बसला, खोटं कशाला बोलू. पण शिमग्याच्या आधीचं ऊन, गाडी अंगणात उभी, आत शिरलं तर रस्त्याचं काम चालल्यासारखा वास. वाटेवरच्या श्रावण गावाच्या पुढे बाबांना उलटी झाली. मी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, त्यांचं तोंड पुसलं, सदरा बदलला. ते माझ्याकडे अपराध्यासारखे बघत होते. त्या दिवशी मला रडू आलं, आणि रडायलाही वेळ नव्हता. मेस्त्रीने दुसऱ्या दिवशी ते शीट खरवडून काढलं.

मग काथ्याची चटई घालावी असं डोक्यात आलं. आपल्याकडे काथ्याला काय तोटा? पण काथ्या पाणी धरतो, गादीचा स्पंजही धरतो, आणि आमच्या खाऱ्या हवेत ओलं राहिलेल्या पत्र्याचं काय होतं ते प्रत्येक घराच्या खिडकीचे गज सांगतात. तेही बाद. हात टेकले होते मी.

एकदा परत येताना तांबडी धूळ उडवत एक ट्रक पुढे गेला आणि माझी पावलं धुळीने लाल झाली. काचा तर बंद होत्या. घरी येऊन टॉर्च घेऊन आडवी होऊन बघितलं. ब्रेकच्या पेडलमागे इंजिनच्या बाजूला भोकंच भोकं, त्यातली रबरं कधीच गळून गेलेली. दरवाज्यांचं रबरी बीडिंग सुकून कडक झालेलं, मध्ये बोट जाईल एवढी फट. जिथून धूळ येते तिथून आवाजही येणार, एवढं कळायला मला इतके महिने लागले. स्वतःचाच राग आला, पण त्या रागाने जरा बळही आलं.

आधी भोकं बुजवली, दरवाज्यांना नवं बीडिंग लावलं. खर्च किरकोळ, आणि निम्मा आवाज त्यातच गेला. मग त्या गोड दुकानदाराकडून चंदेरी शीटचं लहान पाकीट घेतलं. सगळीकडे चिकटवायची गरज नसते. पत्र्यावर बोटांनी वाजवत जायचं, जिथे डब्यासारखा टणटण वाजेल तिथे मध्यावर तुकडा लावायचा, तो थप्प वाजायला लागला की पुढे जायचं. दरवाजे, पायाखालची जागा, इंजिनच्या बाजूची भिंत. त्यावर मासळीच्या बर्फाच्या पेट्यांना आतून लावतात तो पाणी न शोषणारा फोम. आणि सगळ्यात वर, गोठ्यात गुरांच्या पायाखाली घालतात ती जाड रबरी मॅट. वजनदार, स्वस्त, आणि धुतली की झालं. शेतीच्या दुकानातल्या माणसाने विचारलं, "म्हशी किती?" मी म्हटलं, "एक. मीच." तो हसला, मी नाही.

मॅट कापताना हाताला फोड आले. फोम चिकटवून गुडघ्यावरून उठताना कंबरेने जाब विचारला. बाबा खळ्यात खुर्चीवर बसून सगळं बघत होते. एकदा हात वर करून काहीतरी म्हणाले. मी जवळ जाऊन कान लावला.

"कित्याक एवढा करतंस?" ते कुजबुजले.

"तुमचा बोलणा आयकाक," मी म्हटलं.

ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत बसले.

गुरुवारी सकाळी सगळं नेहमीसारखं. अंग पुसलं, पेज, सदरा, खळ्यातून गाडीपर्यंत. किल्ली फिरवली. गाडी चक्क दुसऱ्या झटक्याला सुरू झाली आणि मी क्षणभर गोंधळलेच, कारण इंजिन दुसऱ्या कोणाच्या अंगणात चालू असल्यासारखं लांबून ऐकू येत होतं. दरवाजा लावला तर खडखडला नाही. मी बाबांकडे बघून हसले. कितीतरी महिन्यांनी मला काहीतरी जमलं होतं.

बाबांचा हात डॅशबोर्डवर गेला.

"बा देवा म्हाराजा," ते म्हणाले. आणि मला ऐकू आलं. बारीक, घोगरा, पण तो बाबांचाच आवाज होता, तीच लय, तेच हेल. माझे डोळे भरून आले.

"आज ह्या वाटेक लागतंव, ती वाट सुखाची कर रे म्हाराजा."

हनुवटी वर झाली. "व्हय म्हाराजा," मी म्हटलं. ओरडायची गरजच नव्हती.

"ह्या माझ्या चेडवान माझा खूप केल्यान," बाबा पुढे म्हणाले. ते समोर बघत होते, अंगणातल्या तुळशीकडे. "आता त्येका दमव नको. माका घेवन जा, नि त्येका मोकळा कर रे म्हाराजा."

आणि हनुवटी वर करून ते थांबले.

म्हणजे हे. सोमवारी हे, गुरुवारी हे, इतके महिने. आणि मी दर वेळी, पहिल्या गिअरवर हात ठेवून, खणखणीत आवाजात, असंच होऊ दे म्हणत होते. त्यांना वाटत असणार, लेकीने ऐकलं आणि तिलाही तेच हवंय. तसं समजून ते त्या सीटवर टेकून माझ्याबरोबर यायचे, सुया टोचून घ्यायचे, परत येताना माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपायचे. मला भयंकर वाईट वाटलं. आणि त्याहून वाईट हे, की एखाद्या सोमवारी पहाटे, फारच दमलेली असताना, हे मागणं मी ऐकूनसवरूनही खोडलं असतंच, असं छातीवर हात ठेवून मला सांगता येईना.

बाबा वाट बघत होते. सगळ्यांनी म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही, आणि इथे सगळे म्हणजे मी एकटी. इंजिन हळू चालू होतं. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते.

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "म्हण गो," ते म्हणाले.

"माका आयकाक येवक नाय, बाबा," मी म्हटलं. "गाडीचो आवाज खूप आसा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग खाली, पायाजवळच्या गुरांच्या मॅटकडे. मग दरवाज्याच्या नव्या रबरावरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"मगे पैशे फुकट गेले म्हण," ते म्हणाले.

"गेले," मी म्हटलं, आणि गिअर टाकला.