चिमणाबाईचं भांडण

डॉक्टर नृसिंह करंबेळकर छातीच्या रोगांचं शिक्षण मुंबईत घेऊन १९४८ साली कोल्हापुरात परत आले. तेव्हा खोकणारा माणूस दारात आला की घरचे मुलांना आत ओढून घ्यायचे. क्षयाला नवं इंजेक्शन निघालं होतं, पण ते मिळवताना नाकी नऊ यायचे. डॉक्टर दिवसभर एक्स-रे बघायचे, आजारी फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून रोग्यांच्या छातीत सुईने हवा भरायचे आणि बरा होऊन गेलेल्या प्रत्येकाबद्दल देवाचे आभार मानायचे.

बावन्न साली कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात काम करणारी चिमणाबाई आली. दम लागायचा, खोकला होता. एक्स-रेवर बारीक डाग दिसला. डॉक्टरांनी क्षय ठरवून तिचं काम बंद केलं आणि इंजेक्शनं सुरू केली. थुंकीत जंतू मात्र एकदाही सापडले नाहीत. दोन महिन्यांनी ती तणतणत दवाखान्यात शिरली.

"डाक्टर, म्या सांगत हुते त्ये तुमी ऐकलंच न्हाई. रविवारी सुट्टीला छाती मोकळी. सोमवारी कामावर गेलं की गच्च. मंगळवारपास्नं जरा सैल. क्षय काय सुट्टी बघून येतो व्हय?"

परदेशातल्या सूतगिरण्यांत कापसाच्या धुळीने कामगारांची छाती अशीच सोमवारी भरते, असं आपण वाचलं होतं, हे डॉक्टरांना आत्ता आठवलं. बाईचे दोन महिने आपण फुकट घरी बसवून घालवले, याची त्यांना लाज वाटली. "चुकलं माझं," ते म्हणाले. "जिनातल्या आणखी बायकांना असं होतं का?"

"समद्यास्नी हुतंय. या की सोमवारी!"

सोमवारी डॉक्टर काचेची मोठी बरणी, पाणी आणि रबरी नळी घेऊन जिनाच्या फाटकावर गेले. नळीत फुंकलं की बरणीतलं पाणी किती हटतं, ते मोजायचं होतं. बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. चिमणाबाईने पुढे होऊन पहिली फुंक मारली आणि ओरडली, "लाजायला काय झालं? फुका की गं!"

कामाआधी एक फुंक, काम सुटल्यावर एक. चार वर्षं हे चाललं. सोमवारी संध्याकाळी फुंक हमखास कमी भरायची. ते आकडे बघून जिनाच्या मालकाने धूळ ओढणारे पंखे बसवले. दमेकरी बायकांना आतल्या धुळीतून काढून बाहेर वजनकाट्यावर काम दिलं. त्यात चिमणाबाईही होती. तिचा दम हळूहळू कमी झाला.

सत्तावन्न साली पुण्यात डॉक्टरांच्या परिषदेत करंबेळकरांनी या आकड्यांवर निबंध वाचला. त्यात आभार मानताना त्यांनी पहिलं नाव चिमणाबाईचं घेतलं. परत आल्यावर ते छापील पान घेऊन तिच्या घरी गेले आणि त्यांनी तिला ते वाचून दाखवलं.

"माझं नाव कशापायी?" ती म्हणाली. "म्या निस्ती भांडले."

"बाई, तुम्ही भांडला नसता, तर मी आजही तुमच्यासारख्यांना क्षयाची इंजेक्शनं देत बसलो असतो."

ती जराशी लाजली. मग आत वळून तिने हाक मारली, "तानाबाई, ये भाईर! डाक्टर आल्यात, तुझी छाती दाव. बसा डाक्टर, जाऊ हाय माझी. आठ दिस झालं खोकतीया."

डॉक्टर हसले आणि घोंगड्यावर टेकले.